ओळखपत्राचा वाद : इंग्लंडचा अनुभव

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी कपाटाच्या वरच्या खणात महत्त्वाच्या कागदांची एक पिशवी असते, आणि त्या पिशवीत एक जुने रेशनकार्ड असते. हे कार्ड वस्तुतः धान्याचे. महायुद्धाच्या टंचाईत १९४३ साली मुंबई शहरात रेशनिंग सुरू झाले, तेव्हा एका घरात खाणारी तोंडे किती आणि त्यांना धान्य किती द्यावयाचे, एवढेच त्याने सांगावयाचे होते. पुढे युद्ध संपले, टंचाईही ओसरली. पण मुलाचे नाव शाळेत घालावयाचे असो की गॅसची जोडणी घ्यावयाची असो, खिडकीपलीकडून पहिला प्रश्न यावयाचा तो हाच, 'रेशनकार्ड आणले आहे का?' दुकानातून धान्याचा एक दाणाही न उचलणारी कुटुंबे ते कार्ड दागिन्यासारखे जपून ठेवीत. धान्यासाठी आलेला कागद माणसाची ओळख होऊन बसला. असे व्हावे असे कोणी ठरविले नव्हते आणि ते कोणत्या दिवशी झाले हेही कोणास सांगता यावयाचे नाही.

आजच्या विषयाचे मर्म या एका गोष्टीत आहे असे आम्हांस वाटते. सरकारने प्रत्येक नागरिकास ओळखपत्र द्यावे की नाही, हा वाद जगात अनेक ठिकाणी झाला. एक पक्ष म्हणतो, प्रामाणिक माणसाला लपविण्यासारखे काय आहे? दुसरा म्हणतो, मी कोण हे वाटेल त्या शिपायाला सांगण्यास मी बांधलेला आहे काय? दोन्ही पक्ष ओळखपत्र चांगले की वाईट एवढेच विचारतात. इतिहास मात्र आणखी एक प्रश्न विचारावयास शिकवितो. ज्या कामासाठी हे पत्र आले ते काम संपल्यावर त्याचे काय होते? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास इंग्लंडइतका सोयीचा देश नाही. त्या देशाने एका शतकाच्या आत तीन वेळा राष्ट्रीय नोंदणी केली, आणि तिन्ही वेळा ती मोडली.

पहिला प्रयोग १९१५ सालचा. पहिले महायुद्ध सुरू होऊन वर्ष झाले होते. सैन्याला माणसे हवी होती, आणि देशात धडधाकट पुरुष किती, ते कोठे आहेत व काय काम करतात, हे सरकारला ठाऊक नव्हते. म्हणून १५ ते ६५ वर्षांच्या दरम्यानच्या स्त्रीपुरुषांची नोंदणी १५ ऑगस्ट १९१५ रोजी करण्यात आली आणि प्रत्येकास एक दाखला मिळाला. या नोंदणीचा उपयोग काय होणार हे लोकांनी ओळखले होते. १९१६ च्या आरंभीच सक्तीच्या सैन्यभरतीचा कायदा आला. परंतु नोंदपट एकदा तयार करणे वेगळे आणि तो खरा ठेवणे वेगळे. माणसे घरे बदलतात, गावे बदलतात. बदललेला पत्ता कळविण्यात कोणाचाच लाभ नव्हता, न कळविण्यात मात्र अनेकांचा होता. पट शिळा होत गेला, आणि युद्ध संपल्यावर १९१९ साली तो बंद झाला. त्यासाठी कोणी अश्रू ढाळल्याचे ऐकिवात नाही.

या अपयशातून एका माणसाने धडा घेतला. त्यांचे नाव सिल्व्हेनस व्हिव्हियन. हे पुढे इंग्लंडचे रजिस्ट्रार जनरल झाले, आणि दुसऱ्या युद्धाची चिन्हे दिसू लागताच नव्या नोंदणीची आखणी त्यांच्याकडे आली. त्यांनी काढलेला निष्कर्ष साधा, पण फार खोल होता. नोंदपट स्वतःच्या बळावर जगत नाही. ज्या वस्तूवाचून लोकांचे चालत नाही अशा एखाद्या वस्तूशी त्याची गाठ मारली, तर लोक आपण होऊन तो ताजा ठेवतात. वेल जशी झाडावर चढते तशी ओळखपत्राची वेल रेशनच्या पुस्तकावर चढवावयाची. पत्ता कळविला नाही तर साखर आणि लोणी मिळणार नाही, असे झाले की शिपाई पाठवावा लागत नाही.

तसेच झाले. ३ सप्टेंबर १९३९ रोजी युद्ध जाहीर झाले आणि ५ सप्टेंबरला राष्ट्रीय नोंदणीचा कायदा मंजूर झाला. २९ सप्टेंबर हा नोंदणीचा दिवस ठरला. सुमारे ६५ हजार प्रगणक घरोघर फिरले. नाव, जन्मतारीख, स्त्री की पुरुष, विवाहित की अविवाहित, धंदा, इतकीच माहिती त्यांनी लिहून घेतली आणि तेथल्या तेथे कार्ड लिहून हातात दिले. हे कार्ड म्हणजे घडी घातलेला एक साधा कागद. सर्वसामान्य माणसाच्या कार्डावर छायाचित्र नाही की बोटांचे ठसे नाहीत. नाव, पत्ता आणि एक क्रमांक. क्रमांकातील अक्षरांवरून विभाग कळे, आकड्यांवरून घर आणि घरातील माणूस. तान्ह्या मुलाचेही कार्ड निघाले. जानेवारी १९४० मध्ये रेशनिंग सुरू झाले आणि व्हिव्हियन यांची गाठ पक्की बसली.

कायद्यात एक कलम होते, ते ध्यानात ठेवावे. गणवेशातील पोलिसाने कार्ड मागितले तर ते दाखविलेच पाहिजे. जवळ नसेल तर दोन दिवसांत पोलीस चौकीवर नेऊन दाखवावे. सरकारने पार्लमेंटास सांगितलेले हेतू तीन होते : सैन्यभरती व मनुष्यबळाची वाटणी, देशाची सुरक्षितता आणि रेशनिंग. शत्रू दाराशी उभा होता. स्वातंत्र्याचा एवढा अभिमान बाळगणाऱ्या इंग्रज माणसाने हे कार्ड खिशात घातले आणि सहा वर्षे कुरकुर न करता वागविले. संकटाच्या काळी असा त्याग करणे हे नागरिकाचे भूषणच होय, आणि आम्ही त्यास नावे ठेवीत नाही.

नोंदपटाला दुसरीही एक बाजू असते, आणि ती त्याच वर्षांत समुद्रापलीकडे हॉलंडमध्ये दिसली. त्या देशात लोकसंख्येच्या नोंदी उत्तम ठेवल्या जात. त्या खात्यातील एक अधिकारी याकोप लेन्ट्स यांनी नक्कल करण्यास अत्यंत कठीण असे ओळखपत्र तयार केले होते. अशा पत्राने प्रत्येक नागरिक संशयित ठरतो, म्हणून डच सरकारने ते स्वीकारले नव्हते. मे १९४० मध्ये जर्मनांनी हॉलंड घेतले आणि १९४१ पासून तेच पत्र सक्तीचे झाले. ज्यूंच्या पत्रावर मोठे 'जे' अक्षर उमटविण्यात आले. त्या देशातील सुमारे १ लाख ४० हजार ज्यूंपैकी १ लाखाहून अधिक माणसे मारली गेली. याची कारणे अनेक आहेत. सारा दोष कागदावर टाकणे इतिहासाला धरून होणार नाही. पण तो पट त्या वेळी काय होता हे तेथील लोकांना पुरते कळले होते. २७ मार्च १९४३ रोजी पोलिसांचे कपडे घालून काही लोक ॲमस्टरडॅमच्या नोंदणी कचेरीत शिरले आणि त्यांनी तेथील कार्डांना आग लावली. त्यांत चित्रकार होते, शिल्पकार होते. १२ जणांना या कृत्यासाठी गोळ्या घालण्यात आल्या. नोंदपट लिहिणारा हात सज्जनाचा असेल, पण उद्या तो कोणाच्या हाती पडेल हे लिहिणाऱ्यास ठाऊक नसते.

पुन्हा इंग्लंडकडे वळू. १९४५ साली युद्ध संपले. कार्ड संपले नाही. रेशनिंग चालू होते आणि सरकार म्हणे, रेशनिंग आहे तोवर कार्ड हवेच. दरम्यान वेल झाडावरून भिंतीवर आणि भिंतीवरून शेजारच्या अंगणात गेली होती. पोस्टात बचतीचे पैसे काढावयाचे, कार्ड दाखवा. पार्सल सोडवावयाचे, कार्ड दाखवा. १९४८ साली राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली, तिने रुग्णांच्या नोंदीसाठी हाच पट आणि हेच क्रमांक घेतले. तीन हेतूंसाठी आलेल्या नोंदपटाचा १९५० च्या सुमारास ३९ सरकारी खाती व संस्था उपयोग करीत होत्या. यांतील प्रत्येक उपयोग सुटा पाहिला तर तो सोयीचाच वाटेल. कोणत्याही एका खात्याने जुलूम केला असे नाही. पण या ३९ उपयोगांविषयी लोकांना कोणी, कधी विचारले होते?

मग एका हिवाळ्यात हा प्रश्न रस्त्यावर आला. ७ डिसेंबर १९५० रोजी उत्तर लंडनमधील फिंचली भागात क्लॅरेन्स विलकॉक नावाचे ५४ वर्षांचे गृहस्थ मोटार चालवीत चालले होते. कपडे धुण्याच्या एका कंपनीत ते व्यवस्थापक होते, आणि लिबरल पक्षाचे कार्यकर्ते. हॅरोल्ड मकल नावाच्या पोलिसाने त्यांची गाडी थांबविली व ओळखपत्र मागितले. विलकॉक यांनी नकार दिला. आपण लिबरल आहोत आणि असल्या गोष्टींच्या विरुद्ध आहोत, एवढेच त्यांनी सांगितले. दोन दिवसांत चौकीवर कार्ड दाखवा, असा कागद पोलिसाने पुढे केला. तोही त्यांनी मानला नाही. खटला झाला.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. विलकॉक हे कोणी मोठे पुढारी नव्हते. त्यांच्या नकाराने कोणाचा जीव वाचणार नव्हता. कार्ड खिशातून काढून दाखविण्यास अर्धे मिनिट पुरे होते. व्यवहारी माणूस म्हणेल, कशाला हा उपद्व्याप? पण आमच्या मते या खटल्याचे महत्त्व त्याच्या क्षुल्लकपणातच आहे. मोठ्या जुलमाविरुद्ध उभे राहणारे पुष्कळ निघतात. सवय होऊन गेलेल्या लहानशा सक्तीपुढे थांबून 'हे कशासाठी?' असे विचारणारा क्वचित निघतो.

खालच्या कोर्टाने त्यांना दोषी ठरविले, पण शिक्षा न देता सोडून दिले. विलकॉक वर गेले. त्यांचे म्हणणे असे की, हा कायदा युद्धाच्या आणीबाणीसाठी होता, युद्ध संपले, म्हणून कायदाही संपला. प्रश्न इतका महत्त्वाचा मानला गेला की मुख्य न्यायाधीश लॉर्ड गॉडर्ड यांच्यासह सात न्यायाधीश बसले. २६ जून १९५१ रोजी निकाल लागला आणि तो विलकॉक यांच्या विरुद्ध गेला. आणीबाणी संपल्याची राजाज्ञा निघेपर्यंत कायदा जिवंत आहे, असे न्यायालयाने सांगितले. कायद्याच्या अक्षराप्रमाणे हे बरोबरच होते.

परंतु गॉडर्ड तेथे थांबले नाहीत. हे न्यायाधीश मवाळ म्हणून प्रसिद्ध नव्हते. गुन्हेगारांना कडक शिक्षा देण्याबद्दल त्यांचा लौकिक होता. त्यांनी निकालपत्रात पोलिसांचे कान उपटले. पोलीस आता कोणत्याही कारणाने गाडी थांबविली की सरसकट कार्ड मागतात, हे या कायद्याचे प्रयोजन नव्हते, असे ते म्हणाले. युद्धकाळात विशिष्ट कामासाठी केलेला कायदा युद्ध सरल्यावर भलत्याच कामासाठी वापरला, तर कायदा पाळणारी माणसे कायदा मोडणारी बनतात. पोलीस आणि जनता यांच्यात जो सद्भाव आहे तो नासतो, आणि लोक पोलिसांना मदत करण्याऐवजी अडथळा करू लागतात. खरे कारण नसताना कार्ड मागितल्याचा असा खटला पुन्हा आला तर इतर न्यायाधीशांनीही आरोपीस शिक्षेविना सोडावे, अशी आशाही त्यांनी व्यक्त केली. खटला हरलेल्या माणसाचेच म्हणणे न्यायासनावरून असे अधिक जोरकसपणे सांगितले गेल्याची उदाहरणे इतिहासात थोडी आहेत.

ऑक्टोबर १९५१ च्या निवडणुकीत मजूर पक्षाचे सरकार गेले आणि चर्चिल पुन्हा पंतप्रधान झाले. २१ फेब्रुवारी १९५२ रोजी आरोग्यमंत्री हॅरी क्रुकशँक यांनी पार्लमेंटात जाहीर केले की, यापुढे ओळखपत्र जवळ बाळगण्याची वा दाखविण्याची गरज नाही. गंमत अशी की रेशनिंग तेव्हाही चालूच होते. मांसावरील शेवटचे नियंत्रण १९५४ च्या जुलैत उठले. म्हणजे 'रेशन आहे तोवर कार्ड हवेच' हे सहा वर्षे सांगितलेले कारण खरे नव्हते. कार्डावाचून दोन वर्षे रेशन सुरळीत चालले. क्रमांक मात्र गेला नाही. कार्ड मेले तरी आरोग्यसेवेत तो १९९० नंतरच्या दशकापर्यंत जगला.

तिसरा प्रयोग अलीकडचा आहे, तो थोडक्यात सांगतो. सप्टेंबर २००१ मध्ये अमेरिकेवर दहशतवाद्यांचे हल्ले झाले आणि इंग्लंडच्या गृहखात्याने जुना विचार नव्याने मांडला. नाव बदलले, त्यास आधी 'हक्काचे कार्ड' म्हटले. २००६ साली कायदा झाला. या वेळी कागद नव्हे, बोटांचे ठसे आणि मध्यवर्ती नोंदपट. कारणे सांगितली गेली ती कधी दहशतवाद, कधी बेकायदा परदेशी, कधी सरकारी मदतीतील लबाडी, तर कधी बँकांतील फसवणूक. ज्या औषधाचा रोग दर महिन्यास बदलतो त्याविषयी रोग्यास संशय येणारच. अशात नोव्हेंबर २००७ मध्ये उघड झाले की, मुलांच्या भत्त्यासाठी गोळा केलेली अडीच कोटी लोकांची माहिती असलेल्या दोन तबकड्या सरकारी टपालातच हरवल्या आहेत. नोंदपट मजबूत कुलपात राहील या आश्वासनावर त्यानंतर कोण विश्वास ठेवणार? २०१० च्या निवडणुकीत सरकार बदलले. नव्या सरकारने कायदा रद्द केला, जानेवारी २०११ मध्ये कार्डे अवैध ठरली आणि फेब्रुवारीत नोंदपटाच्या तबकड्या यंत्रात घालून त्यांचा चुरा करण्यात आला. तोवर जेमतेम १५ हजार कार्डे निघाली होती. तरीही प्रश्न मिटला असे समजू नये. सप्टेंबर २०२५ मध्ये तेथील पंतप्रधान कीर स्टार्मर यांनी नोकरीसाठी आवश्यक अशा नव्या ओळखपत्राची घोषणा केली, आणि वाद पुन्हा पेटला.

आता आपल्या घराकडे येऊ. इंग्लंड आपला २००६ चा कायदा मोडण्याच्या तयारीत होते, त्याच वेळी, २९ सप्टेंबर २०१० रोजी, महाराष्ट्रातील नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या गावी पहिले 'आधार' क्रमांक देण्यात आले. इंग्लंडच्या नोंदणीचा दिवसही २९ सप्टेंबरच होता. हा केवळ योगायोग. पण दोन्हींमधील फरक योगायोगाचा नाही. टेंभली हे आदिवासींचे गाव. तेथील माणसाचे दुखणे पोलीस कार्ड मागतो हे नव्हते, कोणतेच कार्ड नाही हे होते. जन्माचा दाखला नाही, घराचा उतारा नाही, म्हणून बँक दारात उभी करीत नाही. आपण आहोत हे सिद्ध करता न येणे हीही एक गुलामीच आहे. फिंचलीच्या मोटारीत बसलेल्या गृहस्थाला जे ओझे वाटले ते टेंभलीच्या मजुराला आधार वाटू शकते. ओळखपत्राला सरसकट विरोध करणाऱ्यांनी हे विसरू नये.

परंतु ओळखपत्राची तरफदारी करणाऱ्यांनीही आपलाच जुना इतिहास विसरू नये. १९०६ साली ट्रान्सवालच्या सरकारने तेथील हिंदी माणसांवर नोंदणीची सक्ती करण्याचे ठरविले. दहा बोटांचे ठसे द्यावयाचे आणि पोलिसाने मागताच दाखला दाखवावयाचा. ११ सप्टेंबर १९०६ रोजी जोहान्सबर्गच्या एम्पायर नाट्यगृहात हिंदी लोकांनी या कायद्यास न जुमानण्याची शपथ घेतली. गांधीजींच्या सत्याग्रहाचा जन्म तेथला. १६ ऑगस्ट १९०८ रोजी हमीदिया मशिदीसमोर एका मोठ्या कढईत दोन हजारांहून अधिक दाखले जाळण्यात आले. दहा बोटे तीच. एका ठिकाणी त्यांतून अपमान झाला, दुसऱ्या ठिकाणी हक्क मिळाला. फरक बोटांत नाही. ठसा कोण मागतो, कशासाठी मागतो आणि नकार दिल्यास काय करतो, यात आहे.

आणि वेल चढण्याचा धर्म आपल्याकडेही सुटला नाही. मदत पोहोचविण्यासाठी आलेला क्रमांक काही वर्षांत मोबाइलसाठी, बँकखात्यासाठी, शाळेसाठी मागितला जाऊ लागला. राबून ज्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजल्या त्यांचे ठसे यंत्राला जुळेनात, आणि ज्यांच्यासाठी हे सारे उभारले तेच काही ठिकाणी रेशनच्या दुकानातून रिकाम्या हाताने परतले. शेवटी प्रश्न न्यायालयात गेला. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपण हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. २६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायाधीशांनी चार विरुद्ध एक अशा मताने आधारचा कायदा राखला, पण मोबाइल व बँकखात्याची सक्ती आणि खासगी कंपन्यांना दिलेली मोकळीक रद्द केली. विरुद्ध मत देणारे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड मूळचे आपल्या पुणे जिल्ह्यातले. बहुमताने वेल तोडली नाही, छाटली. गॉडर्ड यांनी जे उपदेश म्हणून सांगितले ते येथे हुकूम म्हणून सांगितले गेले, हा राज्यघटनेचा प्रताप.

श्रोतेहो, इंग्लंडच्या या कथेतून कार्ड नको असा निष्कर्ष आम्ही काढीत नाही. हवे की नको हे ज्या त्या समाजाने आपली गरज पाहून ठरवावे. आमचे सांगणे एवढेच की, कार्ड जन्माला येते त्याच दिवशी त्याच्या मर्यादा लिहून ठेवाव्यात : ते कोणत्या कामासाठी, ते मागण्याचा अधिकार कोणास, न दाखविल्यास काय, आणि त्याचे काम संपले हे कोणी व केव्हा सांगावयाचे. १९३९ च्या इंग्रजांनी पहिल्या प्रश्नाचे उत्तर लिहिले; शेवटच्याचे उत्तर राजाज्ञेवर सोडले, आणि ती आज्ञा काढण्याची कोणालाच घाई नव्हती. त्याची किंमत सात वर्षे मोजावी लागली.

घरी गेल्यावर ते जुने रेशनकार्ड एकदा उघडून पाहावे. त्यावर आपल्या आजोबांचे नाव असेल, घरातली माणसे किती ते लिहिले असेल, धान्य उचलल्याच्या खुणा असतील. हे आपल्या राहण्याचा पुरावा आहे, असे त्यावर कोठे लिहिले आहे का, तेही पाहावे. बहुधा लिहिलेले नसेल. ते आपणच, कोणी मागितले म्हणून दाखवीत दाखवीत, तसे करून टाकले.